हात बसेपर्यंत

चौतीस वर्षं जिल्हा परिषदेत टंकलेखन केलं.
टिपणं, आदेश, स्मरणपत्रं,
कार्बनच्या तीन प्रती, खालची नेहमी फिकट,
म्हणून ठोकायची सवय.
पुढे संगणक आला, ठोकणं राहिलंच.
सगळी अक्षरं सारख्याच रागाने.

मिस कॉन्सेप्टा पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
"ही बोटं कोनावर चिडलीत?"

उथळसरला त्यांचं घर, तळमजला.
पियानोच्या पोटात एक पिवळा बल्ब
बारा महिने जळत ठेवलेला,
लाकडाने ओल धरू नये म्हणून.
फटीतून उजेड येतो,
आत अंडी उबवायला ठेवल्यासारखा.

माझा तसा नाही. माझा विजेवरचा, जुना,
घोडबंदर रोडच्या सतराव्या मजल्यावरून
टेम्पोत बसून आलेला.
त्या घरचा मुलगा कॅनडाला गेला.
पट्ट्यांवर त्याचे स्टिकर अजून आहेत,
कोंबडी, हत्ती, एक अर्धा जिराफ.
मी काढले नाहीत.
मधला सा माझ्यासाठी हत्तीच्या उजवीकडे असतो.

शिवणयंत्र होतं तिथे तो ठेवला.

एकोणसाठाव्या वर्षी मला कळलं
की अनामिकेला स्वतःचं असं काही येत नाही.
मधलं बोट उठलं की तीही उठते,
थोरल्या जावेमागे धाकटी उठावी तशी.
एकटीला ऊठ म्हटलं तर थरथरते.
इतकी वर्षं अंगठी मात्र तिनेच वागवली.

नेमून दिलेलं एवढंच: डावा हात, चार मात्रा,
मेट्रोनोम चाळीसवर.
चाळीस म्हणजे दोन ठोक्यांच्या मध्ये
मटाराची एक शेंग सोलून होईल.
"हलू," मिस म्हणतात. "आजून हलू.
घाई कोनाला हाय?"
मला आहे, मिस.
पुस्तकाला सत्तर पानं,
आणि मी मार्गशीर्षापासून पान नऊवर.
हे मी बोलत नाही. शेंगा सोलते.

रात्री कानाला हेडफोन.
मला सूर ऐकू येतात, घराला नुसती खटखट.
ऋजुता आतून ओरडते,
"आई परत ऑफिसला लागली!"
आणि खरंच, त्या खटखटीत
एखादं स्मरणपत्र असतंच,
उपरोक्त विषयी अद्याप
कोणतीही कार्यवाही झालेली नाही.

तिसऱ्या ओळीत, पाचव्या सुराआधी, मी अडखळते.
रोज.
तिथे हात उचलून लांब ठेवायचा असतो
आणि मधल्या हवेत तो विसरतो
कोणाच्या घरी निघाला होता.

दुपारी मात्र मोठ्याने वाजवते.
खालच्या मजल्यावर खासनीस. वीज मंडळातून निवृत्त,
सोसायटीच्या सभेतसुद्धा मानेनेच मत देणारे.
परवा जिन्यात दिसले, हातात दुधाची पिशवी,
गुणगुणत होते.
माझंच. पान नऊ.
तिसऱ्या ओळीला आले आणि थांबले.
विसरले म्हणून नव्हे,
ते तसंच असतं असं धरून.
एक पायरी चढले. मग पुढचा सूर.

मी पर्समध्ये किल्ली शोधत राहिले,
ती हातातच होती.

काल ती जागा सुटली.
हात उचलायला गेले तर तो आधीच पोचलेला.
सलग तीनदा. चौथ्यांदा पुन्हा अडला.
मिसना फोन केला.
"बरा झाला," म्हणाल्या. "आता पस्तीसवर लाव."

टंकनकक्षात आम्ही म्हणायचो, हिचा हात बसला,
कुणाचा वेग पन्नासवर गेला की.
इथे बसतो म्हणजे नुसता बसतो,
पट्ट्यांवर, काही न वाजवता,
पुढचा ठोका येईपर्यंत.
हत्तीच्या शेजारी.

आज दुपारी सलग वाजलं तर
खासनीसांचं काय होईल कोण जाणे.
त्यांची एक पायरी
हिशेबात जास्त निघेल.